क्रीडाग्रंथ आणि इतिहास

क्रीडाविषयक पुस्तके म्हणजे केवळ करमणूक, असा अनेक पालकांचा समज आहे. रामचंद्र गुहा यांचा ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ (२००२) हा इंग्रजी ग्रंथ तो समज दूर करतो.

मुंबईत युरोपियन व पारशी यांच्या सामन्यांत १९०७ साली हिंदू व १९१२ साली मुसलमान संघ सामील झाला. १९३७ पासून ही स्पर्धा पंचरंगी झाली. दलित समाजातील पाळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. धर्मवार संघांना गांधीजींनी १९४० साली विरोध दर्शविला. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुसलमान संघाने हिंदू संघावर एक गडी राखून विजय मिळविला. १९४६ साली स्पर्धा बंद झाली. त्या विजयात नाबाद शतक झळकविणारे के. सी. इब्राहिम १९४८ साली सर्वधर्मीय सहकाऱ्यांसह भारताकडून कसोटी खेळले.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या संघाच्या विजयाचा अभिमान जरूर बाळगा; परंतु बाळूंवरील अन्यायही तितक्याच आस्थेने वाचा. दोन्ही वाचील त्यालाच इतिहास कळेल. पालकांनीही अशा वाचनास उत्तेजन द्यावे.