सिगारेट आज, आकडा तीस वर्षांनी

आजचा विषय जरा जड आहे, फुप्फुसाचा कॅन्सर. पण त्याच्या आकड्यांची गोष्ट भारी आहे, ऐकाच.

१९१२ साली न्यूयॉर्कच्या डॉ. आयझॅक ॲडलर यांनी या रोगावर अख्खं पुस्तक लिहिलं. जगभरचं वैद्यकीय साहित्य धुंडाळून त्यांना केसेस सापडल्या ३७४. इतक्या दुर्मिळ रोगावर पुस्तक कशाला, हा प्रश्न त्यांनी स्वतःच सुरुवातीला विचारलाय.

आता हे ऐका. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९२२ला या रोगाचे मृत्यू होते ६१२, आणि १९४७ला ९,२८७. पंचवीस वर्षांत पंधरा पट! कुणी म्हणे, निदान सुधारलंय म्हणून जास्त सापडतायत. कुणाचा संशय मोटारींच्या धुरावर. रिचर्ड डॉल यांना तर रस्त्याच्या डांबराचा संशय होता. मग त्यांनी आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनमधल्या हॉस्पिटलांतल्या पेशंटना त्यांच्या सवयी विचारल्या. हा कॅन्सर असलेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे निघाले फक्त २. दुसरे आजार असलेल्या तितक्याच पुरुषांत २७. निष्कर्ष १९५०ला छापून आले, पण डॉलनी सिगारेट त्याआधीच सोडली होती.

गंमत म्हणजे सिगारेट काही नवी नव्हती. ती वळणारं बोनसॅकचं मशीन १८८०च्या दशकातच आलं होतं. कामगार हाताने मिनिटाला चार-पाच वळायचा, मशीन दोनशेच्या आसपास. पुढे पहिल्या महायुद्धात ती सैनिकांना रेशनमध्ये मिळाली. मग मृत्यू इतके उशिरा का वाढले?

आमच्या भाषेत सांगायचं तर, लेटन्सी. बग आज टाकला, सिस्टम कोसळणार दोन-तीन दशकांनी. अमेरिकेत माणशी सिगारेटचा खप १९६३ला शिखरावर होता, पुरुषांचा मृत्युदर १९९०च्या सुमारास. मध्ये सत्तावीस वर्षं! बायकांचा ग्राफ त्याच्याही मागे. १९२९ला न्यूयॉर्कच्या ईस्टर परेडमध्ये एडवर्ड बर्नेसने तरुणींच्या हातात सिगारेट देऊन तिला 'स्वातंत्र्याची मशाल' म्हणून मिरवलं. पगार देणारी अर्थातच तंबाखू कंपनी. १९८७ला अमेरिकन बायकांमध्ये या कॅन्सरच्या मृत्यूंनी स्तनांच्या कॅन्सरलाही मागे टाकलं.

म्हणून वेगवेगळ्या देशांचे आजचे आकडे शेजारी ठेवताना जपून. ब्रिटनचा ग्राफ कधीच उतरणीला लागलाय. चीनमध्ये अजून जवळपास निम्मे पुरुष ओढतात. २०२२ला जगात सुमारे २५ लाख नवे पेशंट सापडले, त्यातले १० लाखांवर एकट्या चीनमध्ये.

पण चिनी बायका फारच कमी ओढतात, तरी त्यांनाही हा रोग होतो. युन्नान प्रांतातल्या शुआनवेई भागात याचं प्रमाण भयंकर होतं. तिथे घरातच, धुराडं नसलेल्या चुलीत धुरकट कोळसा जळायचा. पुढे लोकांनी धुराड्याच्या चुली बसवल्या. त्या घरांतला धोका खूप घटला, पण तिथेही फरक दिसायला साधारण दहा वर्षं गेली.