हजेरी आणि हमी

‘देखरेख’ हा शब्द दिसतो तितका साधा नाही. त्याच्या पोटी संशय नांदू शकतो, तसा विश्वासही. हे दोन्ही अर्थ एकाच प्रांतात, एकाच काळी कसे वावरत होते, हे पाहावयाचे असेल तर जुन्या मद्रास इलाख्याचा इतिहास चाळावा.

१९२० साली मद्रास सरकारने बालकांसंबंधीचा कायदा केला. बाल-अपराध्यांसाठी असा स्वतंत्र कायदा करणारा हा हिंदुस्थानातील पहिला प्रांत होय. अजाण मुलाला तुरुंगात न कोंडता देखरेखीखाली घरी ठेवावे, हा विचार त्यात होता. त्याच वर्षी ३ एप्रिल रोजी मदुरा जिल्ह्यातील पेरुंगामनल्लूर गावी पोलिसांनी गोळीबार केला आणि अनेक ग्रामस्थ प्राणास मुकले. त्यांचा अपराध एवढाच की, कळ्ळर जातीत जन्मल्यामुळे बोटांचे ठसे देऊन गुन्हेगार म्हणून नाव नोंदविण्यास त्यांनी विरोध केला. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये अशा नोंदलेल्या माणसास ठराविक वेळी पोलिसांपुढे हजेरी देण्याचा हुकूम करता येत असे. सोलापूरची तारेच्या कुंपणातील वसाहत आठवणाऱ्या मराठी वाचकास या हजेरीचा अर्थ वेगळा सांगावयास नको. तिथे कृत्याची चौकशी नव्हती. जन्म हाच पुरावा होता.

दुसऱ्या प्रकारच्या देखरेखीचा उगम एका चर्मकाराच्या सौजन्यात आहे. १८४१ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरी जॉन ऑगस्टस नावाच्या जोडे करणाऱ्याने न्यायालयात उभ्या असलेल्या एका मद्यप्याचा जामीन स्वतः घेतला आणि त्याला सुधारून पुन्हा न्यायाधीशांपुढे आणले. पुढे त्याने शेकडो जणांची अशीच हमी घेतली. यातूनच ‘प्रोबेशन’ ऊर्फ परिवीक्षा ही पद्धती वाढली.

आपल्याकडे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ५६२ व्या कलमाने पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्यास मुचलक्यावर सोडण्याची सोय केली होती. मुचलका हा शब्द मराठी दप्तरांना जुनाच. परंतु सही झाल्यावर त्या माणसाची विचारपूस कोणी करावी, याविषयी ते कलम मुके होते. ही उणीव मद्रासच्या १९३६ च्या परिवीक्षा कायद्याने भरून काढली. त्याच साली मध्यप्रांत-वऱ्हाडने आणि १९३८ साली मुंबई प्रांताने तसाच कायदा केला. मद्रासने १९४७ साली जन्माधारित हजेरीचा कायदा रद्द केला आणि १९५८ साली सबंध देशासाठी परिवीक्षेचा केंद्रीय कायदा आला.

या कायद्याची रचना पाहण्यासारखी आहे. परिवीक्षा अधिकारी प्रथम अपराध्याचे घर, स्वभाव व परिस्थिती यांची चौकशी करतो; त्याचा अहवाल गोपनीय मानला जातो. एकवीस वर्षांखालील अपराध्यास, गुन्हा जन्मठेपेस पात्र नसेल तर, कारणे नोंदविल्यावाचून न्यायालयास कैदेत धाडता येत नाही. देखरेखीचा हुकूम झाल्यास तिची मुदत वर्षाहून कमी नसते आणि मुचलका तीन वर्षांपलीकडे जात नाही. शर्त प्रथम मोडल्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड करून मुचलका कायम ठेवण्याचीही मुभा आहे. देखरेख करणाऱ्यानेच काम मिळवून देण्यास साहाय्य करावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. पोलिसांच्या हजेरीपटात या अपेक्षेला जागा नव्हती.

तथापि इतिहास येथे सुखान्त होत नाही. अशा रीतीने सुटलेल्यास दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता येऊ नये, असे १२ वे कलम सांगते. सरकारी कचेरीत फायली सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांना हे कलम वाचून हायसे वाटते खरे. पण १९७५ साली दक्षिण रेल्वेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, या कलमाने दोषसिद्धी पुसली जात नाही. त्याच न्यायालयाने १९९० साली पुन्हा सांगितले की, त्यामुळे खात्याने केलेली बडतर्फीही आपोआप रद्द होत नाही. म्हणजे न्यायाधीशाने ज्याला घरी धाडले, त्याची भाकरी खाते काढून घेऊ शकते. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय सुसंगत असेल. परंतु उपजीविका गमावलेल्या माणसाकडून सन्मार्गाची अपेक्षा धरणे कितपत रास्त, हा प्रश्न उरतोच.

तमिळनाडूत परिवीक्षेची शाखा दीर्घकाळ तुरुंग खात्याशीच जोडलेली राहिली. त्यात वावगे काही नाही. देखरेख कोणत्या खात्याकडे आहे याला महत्त्व कमी. दारावर आलेला अधिकारी ‘तू आहेस ना?’ एवढेच विचारून पटावर खूण करतो, की ‘काम मिळाले का?’ असेही विचारतो, यावर सारे अवलंबून आहे. पहिला प्रश्न हजेरीचा, दुसरा हमीचा. दुसरा विचारावयास वेळ लागतो, आणि तो वेळ अधिकाऱ्यास उपलब्ध करून देणे हे शासनाचे कर्तव्य होय.