शकुंतलाबी, कोंबडी आणि माझा रोजा

आमच्या घरात वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. नावामागे 'बी' लागायचेच. त्यामुळे माझी नानी मूर्तिजापूर ते अचलपूर धावणाऱ्या शकुंतला रेल्वेलाही 'शकुंतलाबी' म्हणायची. "शकुंतलाबी आली का?" असे तिने विचारले की नव्या माणसाला वाटायचे, घरी कुणी पाहुणी यायची आहे. मीसुद्धा बरीच वर्षे समजत होतो की ही आपलीच कुणी लांबची खाला असावी आणि गाडी तिच्या मालकीची असावी.

आमचे गाव अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात. नानीचे घर अमरावती जिल्ह्यात, अचलपूरला. मधले अंतर ७६ किलोमीटर. शकुंतला ते चार तासांत कापायची, आणि तेही तिची तब्येत बरी असेल तर. लाखपुरी, दर्यापूर, लेहगाव, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट ही स्टेशने मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. खिडकीत बसले की कोळशाचे कण डोळ्यात जायचे, म्हणून अम्मी आत ओढायची. आत बसले की काहीच दिसायचे नाही, म्हणून आम्ही पुन्हा खिडकीत. वाटेतल्या फाटकांवर गेटमन नसे. गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा. मग गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून धावत येऊन चढायचा. तेवढ्यात गाडीतली निम्मी पोरे खाली उतरून झाडाखाली पोहोचलेली असत.

ही गाडी आमच्या खालाची नाही, हे फार उशिरा कळले. ती खरे तर कापसाची होती. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीला भाव आला. वऱ्हाड तोवर इंग्रजांच्या हाती गेलेच होते. १८५३ मध्ये निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी इथला कारभार त्यांच्याकडे सोपवला होता. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला पोहोचली. पण अंजनगाव-दर्यापूरकडचा कापूस या मोठ्या लाइनीपर्यंत बैलगाडीनेच आणावा लागे. आमच्या काळ्या चिखलात भरल्या बैलगाडीचे काय होते, ते वऱ्हाडी माणसाला सांगायला नको.

म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अडीच फूट रुंदीचे हे छोटे रूळ पडले. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला गेला आणि दुसरा, ११३ किलोमीटरचा, यवतमाळला. हा मार्ग किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या कंपनीचा. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, पण हे रूळ कंपनीच्याच मालकीचे राहिले. गाड्या भारतीय रेल्वे चालवायची आणि कंपनीला मोबदला द्यायची. आमचा कापूस ज्या मँचेस्टरला गेला, तिथेच १९२१ मध्ये या गाडीचे वाफेचे इंजिन तयार झाले. १९२३ पासून ते इथे राबले. १५ एप्रिल १९९४ ला त्याला आराम मिळाला आणि त्याच्या जागी डिझेल इंजिन आले.

कागदावर शकुंतलेचा इतिहास एवढाच आहे: कापूस, कंपनी, इंजिन. त्यात बसलेली माणसे कुठेच नाहीत. म्हणून त्यातल्या एका आजीची नोंद मी इथे करून ठेवतो.

१९८६ चा मे महिना. रमजान ऐन उन्हाळ्यात आला होता. मी नऊ वर्षांचा. मामेभावाने रोजा धरल्याचे ऐकल्यापासून माझा जीव जळत होता. अम्मीने समजावले, "लहानांवर रोजा फर्ज नाही आणि मुसाफिरालाही सवलत आहे. तुझ्याकडे तर दोन्ही कारणं आहेत." मी ऐकले नाही. सहरीला पोट फुटेस्तोवर जेवून मी रोजादार झालो. मामू आम्हाला न्यायला आले होते. त्यांच्या मांडीवर टोपलीत नानीसाठी एक कोंबडी होती.

दर्यापूर आले आणि माझी सगळी मर्दुमकी उतरली. समोरच्या बाकावर लुगडे नेसलेली एक आजी बसली होती. तिने मडक्यातले पाणी माझ्यापुढे धरले. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "रोजा हाय माया."

"एवढ्याशा लेकराले?" म्हणत तिने मडक्यावर पदर टाकला. आणि मग माझ्यासमोर तीही पाणी प्यायली नाही. मे महिन्यातले वऱ्हाडचे ऊन, कोळशाची धग, मांडीजवळ भरलेले मडके, आणि आजी कोरड्या ओठांनी बसलेली.

अंजनगाव गेले. उत्तरेला गाविलगडचे डोंगर दिसू लागले. एका फाटकावर गाडी थांबली आणि टोपलीचे झाकण सरकले. "मुर्गी भागी!" मामू ओरडले आणि लुंगी सावरत खाली उडी मारली. त्यांच्यामागे डब्यातले चार-पाच जण उतरले. कोंबडी रुळावरून नांगरलेल्या वावरात, माणसे तिच्यामागे ढेकळांतून. जो तो ओरडून सल्ला देत होता. गार्डसाहेब झेंडी काखेत धरून उभे.

मीही उतरलो होतो. पण कोंबडीकडे नाही, धुऱ्यावरच्या आंब्याकडे. खाली दोन कैऱ्या पडलेल्या. झाडाच्या बुंध्याआड बसून दोन्ही खाल्ल्या. उठून मागे वळलो तर खिडकीतून आजी बघत होती.

"सापडली काय?" गार्डसाहेबांनी विचारले. मामूंनी कोंबडी उंच धरून दाखवली. झेंडी हलली. सगळे चढले. मी मान खाली घालून जागेवर बसलो. आजीने काही न बोलता मडके उचलले, घटाघटा पाणी प्यायली, तोंड पुसले आणि माझ्याकडे पाहून एक डोळा बारीक केला.

अचलपूरला उतरताना ती अम्मीला म्हणाली, "तुया पोरानं रोजा लय हिमतीनं धरला व माय!" त्या संध्याकाळी नानीने मला स्वतःच्या हाताने खजूर भरवला. गल्लीभर माझे कौतुक झाले. मी मात्र त्या आजीचे नावही विचारले नव्हते.

आता शकुंतला बंद आहे. रुळांवर बाभळी उगवल्या आहेत. ती वाचावी म्हणून लोकांनी आंदोलने केली, ब्रॉडगेजची मागणी अजून चालूच आहे. सत्तरी ओलांडलेल्या अम्मीला एसटीने माहेरी जायला नको वाटते. म्हणते, एसटीत सगळ्यांची तोंडे एकाच बाजूला, बोलायचे कुणाशी? मला हे पटते. ज्यांनी हे रूळ टाकले त्यांना आमचा कापूस लवकर हवा होता. आम्हाला मात्र या गाडीने समोरासमोर बसवून निवांत वेळ दिला. कंपनीच्या हिशेबात तो धरलेलाच नसणार.

परवा अम्मीला कैऱ्यांची गोष्ट कबूल केली. ती हसली. म्हणाली, "मुझे मालूम था. शर्टावर चिकाचा डाग होता, आठ दिवस धूत होते."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"उस आजी ने तेरी लाज रखी थी," अम्मी म्हणाली, "मैं कायकू खोलती?"