खर्जाची पेटी : पोकळी, वायुद्वार आणि ध्वनिमापन यांच्या इतिहासातील एक प्रकरण

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगेच्या काठी गोसीखुर्द हे गाव आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते येथील धरणाची पायाभरणी झाली आणि २००९ साली त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेव्हापासून पाटबंधाऱ्यांच्या चर्चेत गावाचे नाव वारंवार येते. इतिहासाच्या अभ्यासकांस मात्र हा परिसर निराळ्या कारणाने परिचित आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी पवनी येथे संयुक्तपणे उत्खनन करून बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आणले. अशा उत्खननांच्या वृत्तान्तांत मृद्भांड्याचा आकार, मुखाचा व्यास, भाजणी आणि लेप यांची काटेकोर नोंद असते. भांड्याच्या पोकळीचा नाद मात्र कोणी नोंदवीत नाही.

हीच उपेक्षा आजच्या एका वस्तूच्या वाट्यास आली आहे. लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत चालणाऱ्या मोटारीच्या मागील भागात एक जड लाकडी पेटी असते. तिच्या एका अंगास मोठा कर्णा बसविलेला असतो व दुसरीकडे एक लांबट भोक ठेवलेले असते. सब-वूफरची पोर्टेड पेटी या नावाने ती ओळखली जाते. इतिहासकाराच्या दृष्टीने ती केवळ गोंगाटाचे साधन ठरते. म्हणून ती कशी सिद्ध झाली याचा विचार होत नाही. तो विचार केल्यास दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, ही पेटी मानवाच्या फार जुन्या अनुभवाची शास्त्रीय परिणती आहे. दुसरी, तिचा आवाज मोजण्याचे जे माप कायद्याने स्वीकारले आहे, ते या पेटीच्या खास स्वरासच बहुतांशी बधिर आहे.

भंडारा शहर पितळी भांड्यांच्या व्यवसायाबद्दल प्रसिद्ध आहे. नदीवर घागर भरताना तिचा आवाज हळूहळू चढत जातो आणि पाहिल्यावाचूनही ती भरत आल्याचे कानास कळते, हा घरोघरचा अनुभव होय. त्याचे कारण सोपे आहे. घागरीच्या गळ्यातील हवा वजनाचे काम करते आणि पोटातील हवा स्प्रिंगेचे. स्प्रिंगेस टांगलेले वजन जसे ठराविक गतीने खालीवर होते, तशी गळ्यातील हवा ठराविक कंपनसंख्येने आतबाहेर हेलकावते. पाणी चढले की पोटातील हवा कमी होते, स्प्रिंग ताठर होते व स्वर चढतो. गळा तसाच राहून पोटातील हवा एकचतुर्थांश उरली, तर स्वर सुमारे एक सप्तक वर जातो. उलटपक्षी खोल खर्ज हवा असेल तर पोट मोठे, अथवा गळा लांब व अरुंद करावा लागतो. पुढील सर्व इतिहास या एका नियमाचा विस्तार आहे.

या नियमाचा वाद्यात केलेला अत्यंत बोलका उपयोग गोव्याच्या घुमटात आढळतो. घुमट हे दोन्ही अंगांनी उघडे असे मातीचे भांडे असते. त्याच्या मोठ्या तोंडावर चामडे ताणून बसवितात व लहान तोंड मोकळे ठेवतात. पूर्वी त्यासाठी घोरपडीचे चामडे वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बकऱ्याच्या चामड्याकडे वळणे भाग पडले. वादक एका हाताने चामड्यावर आघात करतो आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने लहान तोंड कमीअधिक झाकून नाद बदलतो. एका अंगास कंप पावणारा पडदा, मध्ये बंदिस्त हवा आणि दुसऱ्या अंगास उघडे द्वार, ही रचना आणि पोर्टेड पेटीची रचना तत्त्वतः एकच आहे.

तथापि या साम्यावरून एकीपासून दुसरी निघाली असे अनुमान काढणे सयुक्तिक होणार नाही. आपल्या पूर्वजांस सर्व काही ज्ञात होते, हा निष्कर्ष जितका सुखद तितकाच निराधार असतो. घुमट घडविणाऱ्या कुंभारास उत्तम नाद कोणत्या घाटातून येतो हे हातास माहीत होते. परंतु अमुक घनफळास अमुक द्वार असा हिशेब त्याच्यापाशी नव्हता. हस्तज्ञान व गणित यांतील हे अंतर कसे मिटले, हाच इतिहासाचा प्रश्न आहे.

गणिताचा पाया जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने घातला. स्वरसंवेदनेवरील त्याचा ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध झाला. ठराविक स्वरासच प्रतिसाद देणारे पोकळ गोल वापरून संमिश्र नादातील घटकस्वर वेगळे करता येतात, हे त्याने दाखविले. विद्युत् ध्वनिवर्धकाचे युग त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी आले. १९२५ साली राइस व केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी फिरत्या वेटोळ्याच्या ध्वनिवर्धकाची रचना शास्त्रीय निबंधात मांडली; आजचा कर्णा बहुतांशी त्याच आराखड्याचा आहे. परंतु त्यासरशी एक अडचण उभी राहिली. कर्ण्याची पुठ्ठ्याची तबकडी पुढे सरकते तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खर्जाच्या लहरी लांब असल्याने मागची विरळ लहर वळसा घेऊन पुढे येते व पुढच्या लहरीस मारते. मागचे अंग पेटीत बंद केल्यास हा दोष टळतो, पण मग निम्मी ऊर्जा वाया जाते.

बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास याने या वाया जाणाऱ्या ऊर्जेस कामास लावले. १९३० साली त्याने अर्ज केला आणि १९३२ साली त्यास अमेरिकन पेटंट मिळाले. त्याची युक्ती अशी की पेटीस योग्य मापाचे द्वार ठेवावे. द्वारातील हवा आपल्या स्वाभाविक कंपनसंख्येच्या आसपास अशा रीतीने हेलकावते की मागची लहर उलटून बाहेर पडते आणि पुढच्या लहरीस मारण्याऐवजी साथ देते. या ठराविक स्वरावर तबकडी जवळजवळ स्थिर राहते आणि बहुतेक आवाज द्वारातील हवाच निर्माण करते. ऐकणाऱ्यास कर्णा गातो असे वाटते. वस्तुतः तेथे घागर गात असते.

असे असूनही पुढील तीस वर्षे अशा पेट्या अदमासाने बांधल्या जात. अदमास चुकला की एकाच स्वरावर धडधडणारा, बाकीच्या स्वरांस गिळणारा खर्ज मिळे. त्यामुळे १९५४ साली एडगर विल्चर याने लहान हवाबंद पेटीचा पर्याय पुढे आणला तेव्हा त्याचे स्वागत झाले. द्वारयुक्त पेटीस खरी प्रतिष्ठा मिळाली ती नेव्हिल थील याच्या १९६१ सालच्या निबंधाने. ऑस्ट्रेलियातील अभियंत्यांच्या नियतकालिकात छापलेला हा निबंध दहा वर्षे जवळजवळ अलक्षित राहिला व १९७१ साली अमेरिकेत पुनर्मुद्रित झाल्यावर जगापुढे आला. सिडनी विद्यापीठातील रिचर्ड स्मॉल याने १९७२-७३ मध्ये त्याचा विस्तार केला. कर्ण्याची मोकळ्या हवेतील स्वाभाविक कंपनसंख्या, त्याच्या दोलनास होणारा अवरोध आणि त्याच्या लवचिकतेशी तुल्य असे हवेचे घनफळ, एवढी तीन मापे हाती असली की पेटी कागदावर आखता येते, हे या दोघांच्या कार्याचे सार होय. आज कर्ण्यासोबत मिळणाऱ्या पत्रकात ही मापे छापलेली असतात. ज्ञान निबंधातून सुताराच्या हाती येण्याचे हे उल्लेखनीय उदाहरण आहे.

हिशेबाचे स्वरूप एका उदाहरणावरून ध्यानात येईल. पेटीत ५० लिटर मोकळी हवा आणि द्वाराचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर असता, दर सेकंदास ३५ कंपनांचा खर्ज साधण्यासाठी द्वाराची परिणामी लांबी सुमारे ४९ सेंटिमीटर लागते. दोन्ही टोकांशी असलेली थोडी हवाही हेलकाव्यात सामील होत असल्यामुळे प्रत्यक्ष लाकडी मार्ग सुमारे ४१ सेंटिमीटरचा पुरतो. घनफळ निम्मे केले तर लांबी दुप्पट होते. स्वर एक सप्तक खाली न्यावयाचा तर चौपट होते. द्वार अरुंद केल्यास लांबी वाचते, परंतु हवा वेगाने धावू लागते. हा वेग सेकंदास सुमारे १७ मीटरच्या आत ठेवावा असा संकेत आहे. अन्यथा फुसफुस ऐकू येते. यास्तव द्वाराच्या कडा गोलाकार घासतात. मार्गाने, कर्ण्याच्या चुंबकाने व आतील आडव्या पट्ट्यांनी व्यापलेली जागा एकूण घनफळातून वजा करावी लागते. सुमारे १८ मिलिमीटर जाडीची फळी, सरसाने व स्क्रूने आवळलेले सांधे आणि कोठेही न गळणारी हवा, या बाबी दुय्यम नव्हेत. बारीक फटीतूनही स्प्रिंगेचा जोर निघून जातो.

मोटारीत या हिशेबास आणखी एक पदर मिळतो. सेकंदास ४० कंपनांची लहर साडेआठ मीटरांहून किंचित लांब असते. मोटारीचा अंतर्भाग तीन मीटरही नसतो. सुमारे ६५ कंपनांच्या खाली लहर मोटारीत मावत नाही आणि सबंध अंतर्भागाचा दाबच कमीजास्त होऊ लागतो. परिणामी खर्ज आपोआप वाढतो. हवाबंद पेटीचा आवाज खाली सप्तकामागे १२ डेसिबेलने उतरतो आणि मोटार ती उणीव बरीचशी भरून काढते. द्वारयुक्त पेटी आपल्या स्वराशी अधिक जोर देते, पण त्याखाली सप्तकामागे २४ डेसिबेलने कोसळते. शिवाय तेथे तबकडीस हवेचा आधार न राहिल्याने ती मर्यादेबाहेर हलून फाटण्याचा संभव असतो. म्हणून अतिमंद स्वर विद्युत्-गाळणीने आधीच अडवावे लागतात. थोडक्यात, द्वारयुक्त पेटी म्हणजे जोराच्या बदल्यात केलेला नेमकेपणाचा त्याग होय. काळजीपूर्वक बांधल्यास हा त्याग अल्प असतो, निष्काळजीपणे बांधल्यास फार मोठा.

खर्जाची ही ओढ महाराष्ट्रास नवी नाही. मिरजेचे कारागीर पुरुषांच्या तंबोऱ्यास मोठा आणि स्त्रियांच्या तंबोऱ्यास लहान भोपळा निवडतात. झाडीपट्टीच्या मंडपातील रात्रभर चालणारी नाटके, नगारा, ढोल व पूर्व विदर्भातील धुमाळ यांचा श्रोताही छातीत उमटणाऱ्या नादाचा भोक्ता आहे. मिरवणुकीतील कर्ण्यांच्या भिंतीस मराठीत ‘डॉल्बी’ हे नाव पडले. ज्या डॉल्बी संस्थेने १९६५ नंतर ध्वनिमुद्रणातील खरखर घालविण्याच्या तंत्राने कीर्ती मिळविली, तिचे नाव येथे प्रचंड आवाजाचे पर्यायवाचक व्हावे, हा शब्देतिहासातील विलक्षण योग होय.

आता मापाचा प्रश्न. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० साली अमलात आले. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा त्यांत घातली आहे. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर विस्तृत निर्णय दिला. ही मर्यादा ‘ए’ भारांकनाने मोजलेल्या डेसिबेलमध्ये आहे आणि हे भारांकन मानवी कानाच्या प्रतिसादाशी जुळते असे नियमांतच म्हटले आहे. त्याचे मूळ फ्लेचर व मन्सन यांच्या १९३३ सालच्या प्रयोगांत आहे. हे दोघेही बेल प्रयोगशाळेचेच. म्हणजे खर्ज वाढविणारी पेटी आणि तो मोजणारा मापदंड या दोहोंचा उगम एकाच संस्थेत, अवघ्या एका वर्षाच्या अंतराने झाला.

फ्लेचर व मन्सन यांनी दाखविले की हलक्या आवाजात कानास खर्ज फार कमी ऐकू येतो. आवाज मोठा झाला की ही उणीव बरीच कमी होते. १९३६ च्या अमेरिकन मानकात ‘ए’ वक्र हलक्या आवाजांसाठीच योजला होता. मोठ्या आवाजांसाठी निराळे वक्र होते. पुढे सोयीखातर ‘ए’ वक्रच सर्वत्र रूढ झाला. या वक्रानुसार ४० कंपनांच्या स्वरातून सुमारे ३४.६ डेसिबेल वजा होतात. म्हणजे ९० डेसिबेलचा शुद्ध खर्ज यंत्रावर सुमारे ५५ असा उमटतो, आणि तो निवासी क्षेत्राच्या दिवसाच्या मर्यादेच्या अगदी लगत बसतो. प्रत्यक्ष संगीतात वरचे स्वरही असल्यामुळे एकूण आकडा इतका खाली येत नाही, हे खरे. परंतु भिंती व दारे वरचे स्वर अडवितात आणि खर्ज सहज आत येतो. म्हणून घरातील रुग्णास किंवा तान्ह्या मुलास सर्वाधिक जाणवणारा भागच यंत्राच्या आकड्यात सर्वांत कमी मोजला जातो. ‘सी’ भारांकनात याच स्वरातून अवघे २ डेसिबेल वजा होतात. दोन्ही भारांकनांचे आकडे शेजारी ठेवले तर त्यांतील अंतरावरून खर्जाचे प्रमाण तत्काळ कळते; आणि हे साधन नवे नाही.

तक्रार करणारा अतिशयोक्ती करतो आणि वाजविणारा नियम पाळल्याचे सांगतो, तेव्हा दोघेही खरे बोलत असण्याचा संभव या इतिहासामुळे ध्यानात येतो. विसंगती त्यांच्या सचोटीत नसून मापाच्या निवडीत आहे. भांड्याचा आकार नोंदवून त्याचा नाद वगळणारा वृत्तान्त जसा अपुरा, तसाच नादाचा आकडा नोंदवून त्यातील खर्ज वगळणारा पंचनामाही अपुरा होय. वैनगंगेकाठी घागर भरणाऱ्या कानास पोकळीचा स्वर ओळखता येत होता. कायद्याच्या यंत्राने तो ओळखावा, एवढीच या प्रकरणाची शिकवण आहे.