शांततेवर लावलेली पैज : ५ फेब्रुवारी २०१८

(सर्व वेळा न्यूयॉर्कच्या. त्या मोसमात भारतातले घड्याळ साडेदहा तास पुढे असते.)

शुक्रवार, २ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

अमेरिकेचे जानेवारीचे रोजगाराचे आकडे जाहीर झाले. दोन लाख नव्या नोकऱ्या आणि वर्षभरात पगारात २.९ टक्के वाढ. कामगारांसाठी बातमी चांगलीच. बाजाराने मात्र तिचा पुढचा अर्थ लावला : पगार वाढले की महागाई वाढणार, महागाई वाढली की व्याजदर वाढणार. संध्याकाळपर्यंत डाऊ जोन्स ६६५ अंकांनी खाली आला आणि व्हिक्स १७.३१ वर बंद झाला.

व्हिक्स म्हणजे पुढच्या तीस दिवसांत बाजार किती हेलकावे खाईल याचा अंदाज. एस अँड पी ५०० च्या ऑप्शनना लोक काय भाव देतात त्यावरून शिकागोचे सीबीओई एक्सचेंज तो काढते. आपल्या एनएसईचा इंडिया व्हिक्स त्याच धर्तीवर निफ्टीच्या ऑप्शनवरून काढतात. १७ हा आकडा धडकी भरवणारा मुळीच नाही, कारण नोव्हेंबर २००८ मध्ये हाच व्हिक्स ८० च्या वर गेला होता. पण २०१७ चे अख्खे वर्ष तो सरासरी ११ च्या आसपास होता, आणि ३ नोव्हेंबरला तर ९.१४ वर बंद झाला होता. इतकी शांतता बाजाराने क्वचितच पाहिली होती. त्या शांततेवर किती लोकांनी किती पैसा लावला आहे, हा प्रश्न त्या शुक्रवारी फार थोड्यांनी विचारला.

शनिवार-रविवार

बाजार बंद. ही गोष्ट नीट समजून घ्यायला हेच दोन दिवस सोयीचे.

शेअरबाजाराचे चढउतार कधी मंद, कधी तुफान का होतात? बेनुआ मॅन्डेलब्रो यांनी १९६३ मध्ये दाखवले होते की मोठ्या हालचालीमागोमाग मोठ्याच हालचाली येतात आणि छोट्यांमागोमाग छोट्या. रॉबर्ट एंगल यांनी १९८२ मध्ये ते गणितात बसवले आणि त्यासाठी त्यांना २००३ चे नोबेल मिळाले. पण हे झाले वर्णन. कारण कोणते? विल्यम श्वर्ट यांनी १८५७ पासूनची अमेरिकी आकडेवारी चाळून १९८९ मध्ये निष्कर्ष मांडला : मंदीच्या काळात अस्थिरता वाढते खरी, पण महागाई, उत्पादन, पैशाचा पुरवठा यांतले चढउतार तिचा थोडाच भाग उलगडतात. कंपन्यांवरच्या कर्जाचा वाटाही लहानच निघाला.

मग उरलेला भाग कुठून येतो? माझ्या मते त्यातला बराच बाजार स्वतःच तयार करतो. सह्याद्रीतल्या वणव्याचे कारण कोणी टाकलेल्या विडीत शोधण्यात अर्थ नसतो, डोंगरभर किती गवत वाळले आहे ते पाहावे लागते. २०१८ च्या फेब्रुवारीत ते गवत क्रेडिट सुइसच्या एक्सआयव्ही आणि प्रोशेअर्सच्या एसव्हीएक्सवाय या दोन साधनांत साठले होते. दोन्ही व्हिक्सच्या फ्युचर्सवर शॉर्ट होती : बाजार शांत राहिला की नफा, खवळला की तोटा. एकट्या एक्सआयव्हीत सुमारे १.९ अब्ज डॉलर होते. २०१७ मध्ये त्याचा भाव जवळजवळ तिप्पट झाला होता आणि साधा गुंतवणूकदारही शेअर घ्यावा तसा ते विकत घेत होता.

यातली मेख हिशेब मांडल्यावरच कळते. समजा, फंडात १०० रुपये आहेत आणि त्याने १०० रुपयांचे फ्युचर्स शॉर्ट केले आहेत. फ्युचर्स १० टक्क्यांनी वाढले. आता फंडात उरले ९० आणि शॉर्ट झाली ११०. रोज संध्याकाळी दोन्ही समान करायचे हा नियम, म्हणून २० रुपयांचे फ्युचर्स विकत घ्यावेच लागणार. वाढ ५० टक्के झाली तर हातात ५०, शॉर्ट १५०, आणि खरेदी पूर्ण १०० रुपयांची. म्हणजे भाव जितका चढेल तितकी सक्तीची खरेदी जास्त, आणि ती खरेदी भाव आणखी चढवणार. उलट बाजूचे, दुप्पट वाढीचे वचन देणारे फंडही त्याच वेळी खरेदीलाच उतरतात. यात गुपित काही नव्हते. दीर्घकाळात या साधनाचे अपेक्षित मूल्य शून्य आहे, असे एक्सआयव्हीच्या माहितीपत्रकातच छापलेले होते.

सोमवार, ५ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

जेरोम पॉवेल यांनी त्याच सकाळी फेडरल रिझर्व्हच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली. बाजार खाली उघडला, पण घबराट नव्हती.

दुपारी ३ च्या सुमारास

ओहायोत अध्यक्ष ट्रम्प करकपातीचे गोडवे गात होते. वृत्तवाहिन्यांनी ते भाषण सोडून डाऊकडे कॅमेरे वळवले. काही मिनिटांत निर्देशांक शेकडो अंक कोसळला आणि एका क्षणी घसरण १,५९७ अंकांवर गेली. एवढ्या पडझडीला पुरेल अशी कोणतीही नवी बातमी त्या वेळी आलेली नव्हती.

दुपारी ४.००

शेअरबाजार बंद. डाऊ १,१७५ अंकांनी खाली. अंकांत मोजले तर तोवरची सर्वांत मोठी घसरण, टक्क्यांत ४.६. इतिहासात याहून वाईट दिवस कितीतरी आहेत. एक्सआयव्हीचा भाव या क्षणी ९९ डॉलर होता आणि अनेकांना वाटले, दिवस निभावला.

४.०० ते ४.१५

फ्युचर्सचा व्यवहार सव्वाचारपर्यंत चालू होता. दिवसाचा हिशेब जुळवण्याची वेळ हीच. खरेदी सक्तीची, समोर विकणारे मोजके, आणि किती खरेदी होणार हे इतर ट्रेडरना आधीच ठाऊक. नजीकच्या महिन्याचे फ्युचर्स शुक्रवारच्या दुपटीहून वर गेले. व्हिक्स ३७.३२ वर बंद झाला, एका दिवसात ११५ टक्के वर. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सने मार्चमध्ये हेच नोंदवले : शेअर जितके पडले त्या मानाने ही उडी फारच मोठी होती.

५.०८ पर्यंत

ज्या निर्देशांकावर एक्सआयव्हीचे मूल्य ठरत होते, त्याचा आकडा या वेळात बराच काळ गोठून राहिला. मूल्य ठरावीक मर्यादेपलीकडे बदलले की प्रसारण रोखणारी ‘ऑटो होल्ड’ नावाची यंत्रणा तिथे होती आणि ती कोणी उघडली नाही. लोक जुना आकडा पाहत होते. एस अँड पी डाऊ जोन्स इंडायसेसने २०२१ मध्ये या प्रकरणी ९० लाख डॉलर दंड भरला. गुंतवणूकदाराला जाग येण्याची जी वेळ, नेमकी तेव्हाच त्याच्यासमोर खोटी स्थिरता मांडली गेली, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत अक्षम्य वाटते ते हेच.

खरा आकडा बाहेर आला तेव्हा एक्सआयव्हीचे मूल्य ४.२२ डॉलर होते. शुक्रवारी ते १०८ च्या आसपास होते.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

मुंबईत सेन्सेक्स उघडताच हजाराहून अधिक अंकांनी कोसळला आणि दिवसअखेर ५६१ अंकांच्या घसरणीवर थांबला. दीर्घकालीन भांडवली नफ्यावरील कराच्या घोषणेने आपला बाजार आदल्या शुक्रवारीच ८३९ अंकांनी पडला होता. त्यावर हा दुसरा तडाखा.

न्यूयॉर्कमध्ये एक्सआयव्हीचे व्यवहार थांबवण्यात आले. एका दिवसात ८० टक्क्यांहून अधिक घसरण झाली तर साधन गुंडाळता येईल, ही अट क्रेडिट सुइसने वापरली. धारकांना अखेर नगामागे सहा डॉलरच्या आत मिळाले. एसव्हीएक्सवाय टिकले, पण महिनाअखेर त्याची शॉर्टची मात्रा निम्मी करण्यात आली.

ऑगस्टमध्ये एस अँड पी ५०० ने नवा उच्चांक गाठला. ५ फेब्रुवारीला अमेरिकेची अर्थव्यवस्था बदललेली नव्हती. बदलले होते ते एकाच बाजूला झुकलेल्या पैशाचे ठिकाण. इंडिया व्हिक्स खाली आहे म्हणून निर्धास्तपणे ऑप्शन विकणाऱ्या आपल्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की निर्देशांकाचा आकडा पाहताना त्याच शांततेवर आणखी कोणी आणि किती पैसा लावला आहे, तेही पाहा.

मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत व्हिक्सच्या फ्युचर्सवर पूर्ण मात्रेने शॉर्ट असलेला नवा फंड पुन्हा बाजारात आला.