बंद पेटीतला माल



आंब्याची पेटी घेताना जाणता माणूस वरची फळे पाहून पैसे मोजत नाही. तो हात खाली घालतो, एखादे फळ काढून हुंगतो, मग भाव विचारतो. बियाण्याच्या बंद पिशवीचे तसे करता येत नाही. आत काय आहे ते पेरल्यानंतरच कळायचे, आणि तोवर पैसाही गेलेला असतो आणि हंगामही. आज ज्या धंद्याची हकीगत सांगायची आहे तो या दुसऱ्या जातीचा. माल म्हणाल तर पोरांचा खेळ : टेलिव्हिजनला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम. हल्लीची मुले असले खेळ मोबाइलवर खेळतात, तेव्हा शिक्षकबंधूंना हे प्रकरण नवे नाही. काहींनी वर्गात मोबाइल जप्तही केले असतील!

अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात १९७२ साली नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी या दोघांनी ‘अटारी’ नावाची कंपनी काढली. तिचा पहिला गाजलेला खेळ ‘पाँग’. पडद्यावर दोन फळ्या आणि मध्ये एक ठिपका, इतकाच तो मामला. पहिले यंत्र एका दारूच्या गुत्त्यात ठेवले होते. ते बंद पडले म्हणून निरोप आला. जाऊन पाहतात तो बिघाड कसला नाहीच, पैशाचा डबा नाण्यांनी गच्च भरला होता, असे सांगतात.

पुढे १९७७ साली अटारीने घरी खेळायचे यंत्र विकायला काढले. यंत्र एकदा घ्यायचे आणि खेळ मात्र निरनिराळे, प्रत्येकाची वेगळी डबी. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात असली यंत्रे बाजारात आली तेव्हा मुले त्या डबीला ‘कॅसेट’ म्हणत. आपणही तोच शब्द वापरू. तिकडे एका कॅसेटला तीस-पस्तीस डॉलर पडत. पोराने वर्षभर साठवलेले पैसे त्यात जात, किंवा बापाच्या मागे लकडा लावावा लागे.

आता हा खेळ रचतो कोण? एकटा मनुष्य, महिनोन् महिने खपून. पण कॅसेटवर त्याचे नाव नसे. पगार मिळे, लाखोंनी झालेल्या खपातला वाटा मिळत नसे. तेव्हा चार जण बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ ही कंपनी उभी केली. तिथे खेळावर रचणाऱ्याचे नाव छापून येऊ लागले. अटारीने खटला भरला, शेवटी १९८२ साली तडजोड झाली. रचनाकारांना न्याय मिळाला हे चांगलेच झाले, पण त्याबरोबर दुसऱ्या कंपन्यांनाही अटारीच्या यंत्रासाठी कॅसेटी काढायला दार मोकळे झाले. मग काय, जो तो धावला. ओट धान्याचा नाश्ता विकणाऱ्या ‘क्वेकर ओट्स’ कंपनीनेसुद्धा खेळांचा विभाग उघडला. यांतल्या पुष्कळांना खेळ कशाशी खातात हेही ठाऊक नव्हते.

बरे, घेणाऱ्याने निवड करायची कशी? डबीवरचे चित्र रंगीत आणि झोकदार, आत मात्र चार चौकोनी ठिपके. या अडचणीतूनच खेळाडूंची आपापसांतली चर्चा जन्माला आली. आर्नी कॅट्झ आणि बिल कंकेल या दोघा षौकिनांनी १९७९ पासून एका मासिकात सदर लिहिले, आणि १९८१ च्या हिवाळ्यात जॉइस वॉर्ली यांच्यासह ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हे नियतकालिकच काढले. कोणता खेळ कसदार, कोणता टाकाऊ, पुढे काय येऊ घातले आहे, याची चर्चा त्यात चाले. कथा-नाटकांवर टीका होते तशी खेळांवरही व्हावी, ही कल्पना तेव्हा नवी होती.

१९८२ च्या मार्चमध्ये घरगुती ‘पॅक-मॅन’ आला. मूळ खेळ जपानचा, नाक्यानाक्यावरच्या मोठ्या यंत्रांवर तुफान चाललेला. पण अटारीच्या घरगुती यंत्राची स्मृती होती अवघी १२८ बाइटची, आणि एका वेळी मोजक्याच हलत्या आकृती काढायची त्याची ताकद. म्हणून पॅक-मॅनच्या पाठीस लागणारी चार भुते आळीपाळीने दाखवावी लागली आणि ती सारखी लुकलुकत राहिली. खेळणारे हिरमुसले. तरीही खप किती झाला म्हणाल? सुमारे सत्तर लाख! कंपनीने हा आकडा पाहिला. कॅसेट घरी नेणाऱ्याचा पडलेला चेहरा पाहिला नाही.

त्याच उन्हाळ्यात स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ हा चित्रपट गाजला. त्यावरचा खेळ नाताळाला दुकानात हवाच, असे ठरले. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या तरुण रचनाकाराला मुदत मिळाली जेमतेम पाच आठवड्यांची. पाच आठवड्यांत भाताचे पीक येत नाही, खेळ तरी कुठून येणार? त्यातला परग्रहावरचा पाहुणा पावलोपावली खड्ड्यात पडे, आणि वर काढता काढता पोरे रडकुंडीस येत. पंधरा लाखांच्या आसपास कॅसेटी खपल्या, पण छापल्या होत्या त्याहून कितीतरी जास्त.

७ डिसेंबर १९८२ रोजी अटारीने जाहीर केले की विक्रीतली वाढ अंदाजापेक्षा फार कमी भरणार. दुसऱ्या दिवशी मालक कंपनी ‘वॉर्नर’च्या भागांचा भाव सुमारे एकतृतीयांशाने कोसळला. दुकानदार न खपलेला माल परत करू लागले, पण लहान कंपन्यांकडे परताव्याला पैसा नव्हता. त्या बुडाल्या. मग दुकानदारांनी तो माल टोपल्यांत ओतून पाच-पाच डॉलरला काढला, आणि गंमत अशी की त्या ढिगापुढे चांगला खेळही तीस डॉलरला कोणी घेईना. अमेरिकेत १९८३ साली तीन अब्ज डॉलरांच्या वर असलेली ही बाजारपेठ १९८५ पर्यंत दहा कोटींवर आली. ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ही त्याच वर्षी बंद पडले.

बाजार सावरला तो जपानी ‘निन्टेन्डो’ने. १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये तिने आपले यंत्र आणले तेव्हा त्यात कुलपासारखी एक चिप बसवली होती. परवानगीशिवाय बनवलेली कॅसेट त्यात चालू नये, यासाठी. बाहेरच्या कंपनीने वर्षाला पाचच खेळ काढायचे असा दंडक, आणि डबीवर गुणवत्तेचा सोनेरी शिक्का. या शिक्क्याचे कौतुक फार होते. पण शिक्का मारणारी आणि माल विकणारी कंपनी एकच होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. निकस खेळ त्यानंतरही निघालेच. मला विचाराल तर जपानात १९८६ साली निघालेल्या ‘फॅमित्सू’ नियतकालिकाची रीत अधिक सरळ. चार परीक्षक खेळ खेळून बघत, प्रत्येकी दहांपैकी गुण देत, आणि चाळीसपैकी किती ते वाचक पाही. चाळीसपैकी चाळीस प्रथम पडले ते १९९८ साली, ‘झेल्डा’ मालिकेतल्या एका खेळाला.

आता पुन्हा त्या ‘ई.टी.’कडे. सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने ट्रकच्या ट्रक माल न्यू मेक्सिको प्रांतातल्या अलामोगोर्डो गावच्या उकिरड्यात नेऊन पुरला. पुढली तीस वर्षे खेळाडूंत वाद चालला, की हे खरे की भाकड? आणि ‘ई.टी.’नेच धंदा बुडवला, हे तर जो तो छातीठोक सांगे. खेळ वाईट होता, हे त्यांचे म्हणणे बरोबर. पण खापर फोडायला त्यांनी डोके चुकीचे निवडले, असे मला वाटते. लोकांचा विश्वास आधीच उडाला होता, आणि तो उडवला सत्तर लाख खपलेल्या ‘पॅक-मॅन’ने. ‘ई.टी.’ आला तेव्हा माणसे एकदा पोळलेली होती.

२६ एप्रिल २०१४ रोजी तो उकिरडा खणला गेला. सोसाट्याचा वारा, डोळ्यांत धूळ, आणि तरी षौकीन मंडळी लांबलांबून येऊन उभी. त्यांत स्वतः वॉर्शॉही होते. सुमारे तेराशे कॅसेटी वर आल्या, आणि त्यांत ‘ई.टी.’बरोबर इतर कितीतरी खेळ होते. काही तर चांगले गाजलेलेसुद्धा. एक ‘ई.टी.’ वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. बाकीच्यांतल्या पुष्कळ कॅसेटी गावाने लिलावात काढल्या आणि लाखाहून अधिक डॉलर मिळवले. पाच डॉलरलाही ज्या कॅसेटला गिऱ्हाईक नव्हते, तीच चेपलेली, मातीने भरलेली कॅसेट एका षौकिनाने पंधराशे डॉलर मोजून घरी नेली.