सीमापार भागीदारी आणि शब्दावरील अधिकार
चीनमधील डिजिटल माध्यमांच्या इतिहासातील एक प्रकरण

१

परकीय भांडवल आणि देशी उद्योग यांच्या सहकार्याचा इतिहास बहुधा नफ्यातोट्याच्या परिभाषेत लिहिला जातो. कापड, पोलाद किंवा रसायने यांच्या बाबतीत ती परिभाषा बऱ्याच अंशी पुरेशी ठरते. ज्या उद्योगाचा माल शब्द हाच असतो, त्याच्या बाबतीत मात्र आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : भागीदारीच्या कराराने शब्दावरील अधिकार कोणाकडे गेला? इ. स. १९८० नंतर चीनबाहेरील माध्यमसंस्था व संशोधक यांनी चीनशी जे संबंध जोडले, त्यांचा विचार या प्रश्नाच्या अनुरोधाने केल्यास काही गोष्टी अधिक स्पष्ट होतात. प्रस्तुत निबंधात त्यासाठी तीन उदाहरणे घेतली आहेत : संगणकजाळ्याच्या क्षेत्रातील संशोधकांचे सहकार्य, अमेरिकेतील आयडीजी या प्रकाशनसंस्थेचा चिनी उपक्रम आणि दक्षिण आफ्रिकेतील नॅस्पर्स या वृत्तपत्रसंस्थेची टेन्सेंट या चिनी कंपनीतील गुंतवणूक.

२

कालक्रमाने पाहता या संबंधांचा पाया राजनैतिक होता. जानेवारी १९७९ मध्ये डंग श्यावफिंग यांच्या अमेरिका-भेटीत अध्यक्ष कार्टर यांच्यासह विज्ञान व तंत्रज्ञानविषयक सहकार्याचा करार झाला. त्यानंतरच्या दशकात चिनी संशोधनसंस्था पश्चिमेकडील विद्यापीठांशी पत्रव्यवहार, यंत्रसामग्री व माणसे यांची देवघेव करू लागल्या. या देवघेवीचे एक फलित म्हणजे सप्टेंबर १९८७ मध्ये बीजिंगहून जर्मनीतील कार्ल्सरूहे विद्यापीठाकडे गेलेला ई-मेल. प्रा. वेर्नर त्सोर्न यांचा जर्मन गट आणि वांग युनफंग यांचा बीजिंगमधील गट यांनी मिळून हे काम सिद्धीस नेले. १४ सप्टेंबरला तयार झालेला संदेश तांत्रिक अडचणींमुळे २० सप्टेंबरला पोहोचला. महाभित्तीपलीकडे जगाच्या कोनाकोपऱ्यापर्यंत आता जाता येईल, असा त्याचा आशय होता.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या संदेशातील एक गोष्ट लक्षणीय आहे. चीनने जगाला पाठविलेला हा संदेश जर्मन व इंग्रजी या दोन भाषांत होता. चिनी भाषेत नव्हता. तत्कालीन ई-मेलची यंत्रणा रोमन वर्णमालेवर बेतलेली होती. चीनने १९८० मध्येच ६,७६३ चिनी अक्षरचिन्हांची संकेतप्रणाली राष्ट्रीय मानक म्हणून निश्चित केली होती. परंतु ती देशाबाहेरच्या यंत्रांना ठाऊक नव्हती. सहकार्याचा मार्ग खुला झाला, तथापि त्या मार्गावरून चालण्यासाठी चिनी संशोधकांना परभाषेचा आश्रय घ्यावा लागला.

पराधीनतेची ही स्थिती काही वर्षे टिकली. चीनचे 'सीएन' हे अधिक्षेत्रनाम नोव्हेंबर १९९० मध्ये नोंदविले गेले. मात्र त्याचा सेवासंगणक मे १९९४ पर्यंत कार्ल्सरूहे येथेच होता. मार्च १९९३ मध्ये बीजिंगची उच्च-ऊर्जा भौतिकी संस्था आणि स्टॅनफर्ड येथील कणत्वरक केंद्र यांच्यामध्ये स्वतंत्र संपर्कवाहिनी सुरू झाली. तिचा उपयोगही अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या जाळ्यापुरता मर्यादित ठेवण्यात आला. साम्यवादी देशाला संपूर्ण जाळे खुले करण्यास अमेरिकी शासन तयार नव्हते. पूर्ण जोडणी झाली ती २० एप्रिल १९९४ रोजी. तात्पर्य, शंका व बंधने ही एकाच बाजूची मक्तेदारी कधीच नव्हती.

याच काळात लिपीच्या क्षेत्रात घडलेले सहकार्य अधिक फलदायी ठरले. चीन, जपान, कोरिया व तैवान येथील तज्ज्ञ आणि अमेरिकी संगणक कंपन्यांतील अभियंते यांनी त्या त्या देशांच्या संकेतसूच्या एकत्र करून २०,९०२ हान अक्षरचिन्हांचा एक समाईक संच तयार केला; तो १९९२ मध्ये युनिकोडचा भाग बनला. कोणते चिन्ह स्वतंत्र मानावे आणि कोणते दुसऱ्याचे केवळ रूपांतर मानावे, यावर पुष्कळ वाद झाले. जपानमध्ये तर या एकीकरणास बराच विरोध झाला. असे असूनही या व्यवस्थेत प्रत्येक पक्षाला आपल्या लिपीसंबंधी बोलण्याचा अधिकार होता आणि निर्णय उघडपणे प्रसिद्ध होत होते. भारताच्या संकेतप्रणालीवर आधारलेली देवनागरी याच युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, हे मराठी अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

३

माध्यमसंस्थांच्या बाबतीत आरंभ झाला तो छापील नियतकालिकापासून. पॅट्रिक मॅकगव्हर्न यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेली आयडीजी ही संस्था संगणक-उद्योगाविषयीची माहिती व नियतकालिके प्रसिद्ध करीत असे. चिनी शासनाच्या अखत्यारीतील एका तांत्रिक संस्थेशी भागीदारी करून तिने १९८० मध्ये 'संगणक-जगत' या अर्थाचे नाव असलेले चिनी पत्र सुरू केले. चीन व अमेरिका यांच्यातील अगदी आरंभीच्या संयुक्त उपक्रमांत त्याची गणना होते. पत्राची भाषा चिनी, संपादक चिनी आणि वाचकही चिनी, अशी त्याची घडण होती. परकीय भागीदाराने भांडवल व व्यवसायपद्धती पुरवावी आणि मजकूर स्थानिकांनी सांभाळावा, ही वाटणी येथेच रूढ झाली. पत्राचा विषय तांत्रिक असल्यामुळे या वाटणीतून वादाचा प्रसंग सहसा उद्भवत नसे.

पुढे १९९३ मध्ये याच संस्थेने शांघायमध्ये साहसी भांडवलाचा निधी उभारला. प्रकाशक आता गुंतवणूकदार झाला. इ. स. २००० मध्ये तिने व हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या कंपनीने मिळून २२ लाख डॉलर देऊन शेंझेन येथील एका लहानशा कंपनीचा प्रत्येकी २० टक्के हिस्सा घेतला. ती कंपनी म्हणजे मा हुआतेंग व त्यांचे सहकारी यांनी नोव्हेंबर १९९८ मध्ये स्थापन केलेली टेन्सेंट होय. इस्रायलमध्ये तयार झालेल्या 'आयसीक्यू' या संदेशसेवेच्या धर्तीवर तिने चिनी भाषेतील सेवा सुरू केली होती. मूळ सेवेच्या अमेरिकी मालकांनी नावावर हरकत घेतल्यामुळे तिला 'क्यूक्यू' हे नवे नाव धारण करावे लागले. ग्राहक भराभर वाढत होते; उत्पन्न मात्र नव्हते.

४

या टप्प्यावर नॅस्पर्सचा प्रवेश होतो. या संस्थेचा पूर्वेतिहास ध्यानात घेतल्यावाचून पुढील घटनांचे मर्म कळणार नाही. 'दे नात्सिओनाले पर्स', म्हणजे राष्ट्रीय मुद्रणालय, या नावाने ती १९१५ मध्ये स्थापन झाली. बोअर युद्धातील पराभवानंतर इंग्रजीच्या वर्चस्वाखाली आलेल्या समाजाला स्वतःच्या भाषेत वृत्तपत्र असावे, ही तिच्यामागील प्रेरणा होती. 'दे बुर्गर' हे तिचे दैनिक प्रथम डच भाषेत निघाले आणि पुढे त्याने आफ्रिकान्स भाषेचा स्वीकार केला. आफ्रिकान्सला बोलीच्या पायरीवरून मुद्रित भाषेच्या पदवीस नेण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. परंतु याच दैनिकाचे पहिले संपादक डी. एफ. मलान हे १९४८ मध्ये पंतप्रधान झाले आणि वंशभेदाची राजवट त्यांच्या पक्षाने उभी केली. संस्थेची वृत्तपत्रे दीर्घकाळ त्या पक्षाच्या पाठीशी राहिली. भाषेच्या अस्मितेतून जन्मलेली संस्था सत्तेची सोबती कशी होते, याचे हे ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

वंशभेदाचा अंत झाल्यावर संस्थेने देशाबाहेर पाहण्यास प्रारंभ केला. चीनमधील तिचे पहिले प्रयत्न फसले. त्यानंतर २००१ मध्ये तिने पीसीसीडब्ल्यूचा सर्व व आयडीजीचा बराच हिस्सा विकत घेतला आणि एकूण तीन कोटी डॉलरांहून काहीशा अधिक रकमेत टेन्सेंटचा जवळजवळ निम्मा भाग मिळविला. या वेळी तिने आपले नाव, आपली माणसे किंवा आपली कार्यपद्धती यांचा आग्रह धरला नाही. संचालक मंडळावर तिचे प्रतिनिधी बसत. कारभार मात्र संस्थापकांच्या हाती राहिला. टेन्सेंटच्या भागांची विक्री २००४ मध्ये हाँगकाँगच्या बाजारात सुरू झाली, २०११ मध्ये 'वीचॅट' ही सेवा आली आणि त्या गुंतवणुकीचे मूल्य मूळ संस्थेच्या इतर सर्व व्यवसायांना मागे टाकून गेले. मार्च २०१८ मध्ये नॅस्पर्सने केवळ दोन टक्के हिस्सा विकला, तेव्हा तिला सुमारे ९८० कोटी डॉलर मिळाले.

५

या यशाचे श्रेय सामान्यतः दूरदृष्टीला दिले जाते. ते खोटे नाही, पण कराराच्या स्वरूपाकडे पाहिले म्हणजे दुसरी बाजू दिसू लागते. चीनच्या कायद्यानुसार इंटरनेटवरील अनेक सेवांचे परवाने परकीयांच्या मालकीच्या संस्थेस मिळत नाहीत. यावर 'सिना' या कंपनीने २००० मध्ये एक तोड काढली व ती पुढे सर्वत्र रूढ झाली. परवाना चिनी नागरिकांच्या मालकीच्या कंपनीकडे ठेवायचा. देशाबाहेर, बहुधा केमन बेटांत, दुसरी कंपनी नोंदवायची. आणि पहिलीचा नफा दुसरीकडे वळविणारे करार दोहोंमध्ये करायचे. परकीय भागधारकाच्या हाती येतो तो या दुसऱ्या कंपनीचा भाग. टेन्सेंटची रचना अशीच आहे. अर्थात् परकीय भागीदाराला उत्पन्नावर हक्क मिळतो. काय प्रसिद्ध व्हावे आणि काय पुसले जावे, यासंबंधी त्याला हक्क नसतो व म्हणून आपणांस जबाबदारीही नाही, असे म्हणण्यास तो मोकळा राहतो.

ज्यांनी या वाटणीबाहेर जाण्याचा प्रयत्न केला, त्यांचा अनुभव निराळा आहे. गूगलने २००६ मध्ये नियंत्रणाच्या अटी मान्य करून चिनी शोधसेवा सुरू केली आणि २०१० मध्ये त्या अटी नाकारून ती हाँगकाँगला हलविली. याहूच्या हाँगकाँगमधील शाखेने पुरविलेल्या माहितीचा आधार घेऊन एका चिनी पत्रकारास २००५ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी याहूने आपला चीनमधील व्यवसाय व १०० कोटी डॉलर देऊन अलीबाबा कंपनीचा सुमारे ४० टक्के हिस्सा घेतला. स्वतः सेवा चालविताना जी नैतिक जबाबदारी अंगावर आली, ती भागधारक होताच दृष्टीआड झाली. नफा मात्र पुढे अनेकपटींनी वाढला.

नॅस्पर्सच्या समूहातील मीडिया२४ या संस्थेने २०१५ मध्ये, शतकमहोत्सवाच्या प्रसंगी, वंशभेदाच्या काळातील आपल्या वृत्तपत्रांच्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमायाचना केली. सत्तेसमोर वृत्तपत्राने गप्प राहणे हा दोष आहे, ही कबुली त्या क्षमायाचनेत अनुस्यूत होती. मूळ समूहाची संपत्ती मात्र तोवर मुख्यतः अशा कंपनीवर अवलंबून होती, जिला कायद्यानेच मजकुरावर पहारा ठेवावा लागतो. दोन परिस्थिती सर्वस्वी सारख्या नाहीत. एकीत संपादकांनी स्वतः बाजू घेतली होती. दुसरीत भागधारक दुसऱ्याच्या कायद्यामागे उभा आहे. तरीही जुन्या मौनाची कबुली देणाऱ्या संस्थेला नव्या मौनाचा विचार करावा लागतो, एवढे निश्चित.

६

अलीकडे हे प्रवाह आकसू लागले आहेत. आयडीजी २०१७ मध्ये चिनी खरेदीदारांकडे गेली. त्या व्यवहारातून उच्चक्षमतेच्या संगणनाविषयी संशोधन करणारा गट वगळावा लागला आणि २०२१ मध्ये ती पुन्हा अमेरिकी भांडवलदारांच्या हाती आली. भारताने २०२० मध्ये ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. मराठीत चित्रफिती करणाऱ्या अनेक ग्रामीण कलावंतांचा श्रोतृवर्ग त्यामुळे एका रात्रीत नाहीसा झाला. ज्या मंचावर आपण बोलत होतो त्यावर आपला अधिकार किती, हा प्रश्न तेव्हा त्यांच्याही समोर उभा राहिला. नॅस्पर्सच्या समूहाने २०२२ पासून टेन्सेंटचे भाग टप्प्याटप्प्याने विकण्यास आरंभ केला आहे. १९७९ च्या वैज्ञानिक कराराचे डिसेंबर २०२४ मध्ये पाच वर्षांसाठी नूतनीकरण झाले, तेही संकुचित स्वरूपात.

वरील उदाहरणांची तुलना केली असता एक भेद स्पष्ट होतो. संशोधकांच्या सहकार्यात अडचणी पुष्कळ होत्या, परंतु मतभेद नोंदले गेले आणि फळ सर्वांना वापरता आले. कंपन्यांच्या सहकार्यात व्यवहार सुरळीत झाला. तो सुरळीत होण्यासाठी शब्दाचा प्रश्न कराराबाहेर ठेवावा लागला. संपत्तीच्या दृष्टीने दुसरा मार्ग कितीतरी पटींनी यशस्वी ठरला, हे नाकारता येणार नाही. परंतु इतिहासाने दोन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडला पाहिजे आणि त्या वहीत मौनाचाही एक रकाना असला पाहिजे.